‘आता बंद कर’ म्हणजे नेमकं कधी?

एका आईंचं पत्र आलंय. प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आई पतसंस्थेत नोकरीला, सोबत आजी. मुलगा नववीत, मुलगी दुसरीत. गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला वडील पाणी प्यायला उठले, तर मुलगा गोधडीखाली मोबाइलवर गेम खेळत होता. ‘आता बंद कर’ असं दोनदा सांगून झालं. तो ‘पाच मिनिटं’ म्हणाला. तिसऱ्या वेळी वडिलांनी मोबाइल हिसकावून फरशीवर आपटला. मुलगा दोन दिवस जेवला नाही, ‘घर सोडून जाईन’ म्हणाला. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आता आई दुपारी स्वतःचा मोबाइल त्याला गुपचूप देते आणि वडील दुकानातून यायच्या आत परत घेते. त्या विचारतात: हे व्यसन आहे का? मोबाइल कायमचा काढून घ्यावा का? आणि एखादं ॲप टाकून हे थांबवता येईल का?

ताई, तिन्हींची उत्तरं देते. पण आधी त्या रात्रीकडे परत जाऊ. मी गेली १९ वर्षं मुलं आणि आईवडील यांच्याबरोबर समुपदेशनाचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत अशी एक रात्र झालेली असते. मोबाइल फुटतो, नाहीतर दार आपटतं, नाहीतर कुणाच्या तरी तोंडून परत घेता न येणारं वाक्य निघतं. मग सगळे त्या रात्रीचंच बोलत राहतात आणि रोजचं काय चाललंय ते बाजूलाच राहतं.

तुम्ही समोर असता तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, गेम कोणता होता? एकट्यानं खेळत होता की चौघांच्या स्क्वाडमध्ये? मॅच किती वेळाची? बहुतेक आईवडिलांना हे माहीत नसतं, आणि माहीत करून घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मलाही वाटायचं. २०१९ च्या सुमारास एका नववीतल्या मुलाला म्हटलं, मला शिकव. त्यानं मला गेममध्ये विमानातून उडी मारायला लावली. मी एका घराच्या भिंतीला नाक लावून उभी राहिले आणि मिनिटभरात मेले. तो इतका हसला, इतका हसला, की त्यापुढच्या पाऊण तासात त्यानं दोन वर्षांत बापाला न सांगितलेलं सगळं मला सांगून टाकलं.

त्या फजितीतून माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली. बीजीएमआय या लढाईच्या गेमची मोठ्या नकाशावरची पूर्ण मॅच जवळजवळ अर्धा तास चालते. फ्री फायर या तशाच गेमची दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. मॅच मध्येच थांबवून ठेवता येत नाही. टीव्हीवरची मालिका उद्या बघता येते, इथे मात्र पलीकडे तीन खरी पोरं खेळत असतात, त्यातली दोन बहुधा त्याच्याच वर्गातली. हा मध्येच गायब झाला की ती हरतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ‘याला घेऊ नका रे, याचा बाप मोबाइल काढून घेतो’ हे ऐकावं लागतं. चौदाव्या वर्षी हे ऐकण्यापेक्षा बापाचा मार बरा वाटतो.

म्हणजे त्या रात्रीचं त्याचं ‘पाच मिनिटं’ खोटं होतं. वीस-पंचवीस मिनिटं उरलीत हे त्याला चांगलं ठाऊक असणार. पण बाबांचं ‘आता’ तरी कुठे खरं होतं? त्यांचं ‘आता’ आजवर कधी दहा मिनिटांनी लागू झालं असेल, कधी तासानं, कधी तुम्ही ‘असू द्या हो, उद्या सुट्टी आहे’ म्हटल्यावर विरून गेलं असेल. चौदा वर्षांच्या मुलाला हे हवामान वाचता येतं. पहिलं ‘बंद कर’ हे ढग आहे, दुसरं गडगडाट, आणि तिसऱ्यापर्यंत थांबायला हरकत नसते हे तो अनुभवानं शिकलेला असतो. त्या दिवशी तिसऱ्याला वीज पडली, एवढाच फरक.

मी मुलाची बाजू घेतेय असं समजू नका. साडेबाराला नववीतलं पोर जागं असणं चूकच आहे, आणि मोबाइल बंद व्हायलाच हवा होता. फक्त तो कसा बंद व्हावा हे त्या रात्री ठरणार नव्हतं. ते आधी कधीतरी, सगळ्यांची डोकी थंड असताना ठरायला हवं होतं, आणि ते तुमच्या घरात ठरलेलंच नाही.

आता पहिला प्रश्न, व्यसनाचा. वर्तमानपत्रांनी ‘मोबाइलचं व्यसन’ हा शब्द इतका वापरलाय की आता तो शिवीसारखा वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार खरोखरच आहे, ही आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर गेम गेलेला हवा, नुकसान होतंय हे दिसूनही खेळणं चालू किंवा वाढतं हवं, अभ्यास, घर, दोस्ती यांतलं काहीतरी ठळक बिघडलेलं हवं, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं हवं. तुमच्या पत्रात लिहिलंय की तो संध्याकाळी ग्राउंडवर क्रिकेटला जातो, घटक चाचणीत गणिताचे मार्क घसरलेत पण बाकी ठीक आहे, आणि परवा आजीचा हात धरून तिला दवाखान्यात घेऊन गेला. पत्रावरून निदान कुणीच करू नये, मीही करत नाही. पण हे वर्णन व्यसनी मुलाचं नाही. हे वर्णन झोप कमी पडलेल्या आणि घरातली ढिलाई ओळखलेल्या मुलाचं आहे.

आणि कृपा करून त्याच्या देखत ‘याला मोबाइलचं व्यसन लागलंय’ असं पाहुण्यांना सांगू नका. आपल्याकडे ही सवय फार. पाहुणे चहा पितापिता ‘आमच्याकडेही तेच’ म्हणतात, सगळ्यांना बरं वाटतं, आणि कोपऱ्यात बसलेलं पोर मनात म्हणतं, ठीक आहे, मी व्यसनी, मग माझ्या हातात काय आहे?

आता मुख्य मुद्द्यावर येते. माझ्या खोलीत मी एक खेळ करते. घरातल्या प्रत्येकाला एक कागद देते, एकमेकांचं न बघता लिहायला सांगते: आपल्या घरात मोबाइल रात्री किती वाजता बंद होतो? मध्यंतरी एक कुटुंब आलं होतं, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतेय. वडिलांनी लिहिलं, ‘९.३०. माझा नियम आहे.’ आईनं लिहिलं, ‘१० ते १०.३०, अभ्यास झाला असेल तर.’ आजोबांनी लिहिलं, ‘मला विचारत नाहीत.’ मुलानं लिहिलं, ‘बाबा दुकानावर उशिरापर्यंत असतील तर ११.४५. बाबा घरी असतील तर ९.३० ला देतो, मग आजोबांचा घेतो.’ चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ कुणी बोललं नाही. घरातला खरा कायदा एकट्या मुलालाच पाठ होता.

तुमच्या घरातही बाबांचा एक कायदा आहे, तुमचा दुसरा आहे, आजींचा तिसरा असणारच (पत्रात त्यांच्याबद्दल फारसं नाही, पण त्यांच्याकडेही स्मार्टफोन आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय). शिवाय ट्यूशनच्या सरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा चौथा, जिथे रात्री साडेनऊला प्रश्नपत्रिकेचा फोटो येतो. अशा घरात मुलगा मोबाइल कधी ठेवायचा ते शिकत नाही, कुणाला विचारायचं ते शिकतो. त्यात त्याची चलाखी आहेच, पण शाळा आपण काढून दिली आहे.

म्हणून दुपारी गुपचूप मोबाइल देणं आजपासून थांबवा. मला कळतं तुम्ही का देता. दोन दिवस न जेवलेलं पोर पाहिलं की आईचं काय होतं, हे मला सांगायला नको. पण त्या गुपचूप तासाभरात तो दोन गोष्टी शिकतोय: बाबांचा शब्द फक्त बाबा समोर असताना चालतो, आणि आईचं प्रेम बाबांच्या पाठीमागे मिळतं. उद्या हे उघडकीला येईल, येणारच, तेव्हा भांडण मोबाइलवर राहणार नाही. ते तुम्हा नवराबायकोंत होईल, आणि मुलाला वाटेल की ते आपल्यामुळे झालं. थांबवण्याआधी त्याला सांगा मात्र. ‘मी चोरून देत होते ती माझी चूक होती. रविवारी बाबांशी बोलून उघडपणे वेळ ठरवू, तोपर्यंत तीन-चार दिवस थांब.’ तो चिडेल. चिडू द्या.

किती वेळ द्यायचा हे सगळेच विचारतात. लहान मुलांसाठी आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, आणि कमी तितकं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २ वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून काहीच नको म्हणते, ५ ते १० वयाला दोन तासांच्या आत. तुमच्या धाकटीला हा आकडा लागू करा. (तिच्या जेवणापुढे रील लावून ठेवता असं लिहिलंय, ते आधी बंद करा. आठवडाभर ती कमी जेवेल. दुसरीतलं निरोगी मूल आठवडाभर कमी जेवल्यानं काही होत नाही.) पण चौदा वर्षांच्या मुलाला तासांचा आकडा लावणं माझ्या अनुभवात फसतं. विज्ञानाच्या धड्याचा व्हिडिओ धरायचा का? मित्राशी गणितावर बोलला तो वेळ धरायचा का? मोजणी सुरू झाली की आई पोलीस होते, मुलगा वकील होतो, आणि रोज संध्याकाळी कोर्ट भरतं.

त्यापेक्षा मी झोपेपासून उलटं मोजते. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, हे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. त्याची शाळा सकाळची, म्हणजे सव्वासहाला उठणार. नऊ तास धरले तर रात्री सव्वानऊला झोपायला हवा. आपल्या घरांत ते होणार नाही, दुकान बंद करून बाबा नऊला येतात, जेवणं साडेनऊला. मग निदान आठ तास धरा, सव्वादहाला दिवा बंद. त्याच्या अर्धा तास आधी, पावणेदहाला, मोबाइल ठेवलेला. हा आकडा भांडायला अवघड आहे. बाबांच्या मर्जीवर तो बसवलेला नाही, तो शाळेच्या वेळेतून निघालाय. शिवाय या वयात मुलांचं शरीरच झोपेला उशीर करतं, झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा स्रवायला लागतं. तेव्हा ‘मला झोपच येत नाही’ म्हणणारं पोर अगदीच खोटं बोलत नसतं. त्या उशिरावर डोळ्यासमोरचा उजेड आणि गेमची उत्तेजना चढली की साडेबारा वाजतात.

आता सगळ्यात कठीण भाग. पावणेदहाला मोबाइल कुणाकुणाचा ठेवायचा? सगळ्यांचा. एक जागा ठरवा. स्वयंपाकघरातल्या फ्रीजवरचा प्लग, देवघराशेजारचा, कुठलाही, झोपायच्या खोलीत नसलेला. एकच एक्सटेन्शन बोर्ड, त्यावर चार चार्जर. बाबांचा तिथे, तुमचा तिथे, आजींचा तिथे, त्याचा तिथे. ‘मला सकाळी गजर लागतो’ ही सबब मोठी माणसंच आधी काढतात. गजराचं साधं घड्याळ दोन-तीनशे रुपयांना मिळतं, आणा. दुकानाचा रात्रीचा फोन येतो म्हणत असाल तर रिंग मोठी ठेवा, उठून जाऊन घ्या.

ताई, तुमचं पत्र मला रात्री १ वाजून १० मिनिटांनी आलंय. मी टोचायला म्हणत नाही, मला माहिती आहे की दिवसभरात तुम्हाला तेवढाच वेळ स्वतःचा मिळतो. पण बाजूच्या खोलीतल्या मुलाला दाराखालून येणारा उजेड दिसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावरून ॲपचा तिसरा प्रश्न. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते त्यात दिसतं. ते मुलाला लगाम घालायला वापरू नका, आधी आरसा म्हणून वापरा. रविवारी चौघं मोठी माणसं, म्हणजे त्यालाही धरून, आपापला आठवड्याचा आकडा उघडा आणि मोठ्यानं वाचा. बाबांचा यूट्यूबचा किती, तुमचा व्हॉट्सॲपचा किती, त्याचा गेमचा किती. मी हे अनेक घरांत करून पाहिलंय. बापाचा आकडा मुलाच्या जवळपास निघाला की पोराच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते दाबायला त्याला फार कष्ट पडतात, आणि बापाला पहिल्यांदा कळतं की हे सोडणं सोपं नाही. खाली सरकवत राहायच्या पडद्याला तळच ठेवलेला नसतो. ही अमर्याद सरकपट्टी २००६ मध्ये घडवणाऱ्या एझा रास्किन या डिझायनरनं पुढे तिचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला. पन्नाशीच्या हार्डवेअर दुकानदाराला जे आवरत नाही, ते चौदा वर्षांच्या मुलाला नुसत्या ‘शहाण्यासारखं वाग’वर आवरेल असं समजणं बरोबर नाही.

फॅमिली लिंकसारखी लगामाची ॲप आहेत, दहा-अकरा वर्षांपर्यंत बरी चालतात. नववीत ती उंदीरमांजराचा खेळ होतात. मुलं मित्राचा हॉटस्पॉट घेतात, जुना मोबाइल कपाटातून काढतात, मोबाइलची तारीख-वेळच बदलतात. लावायचंच असेल तर त्याला सांगून लावा आणि फक्त वेळेपुरतं. त्याचे मेसेज चोरून वाचू नका. एकदा ते कळलं की पुढे त्याच्यावर खरंच संकट आलं, कुणी ऑनलाइन त्रास दिला, कुणी फोटो मागितले, तर तो तुमच्याकडे येणार नाही. आणि तुमच्याकडे येणं हीच त्याची एकमेव खरी सुरक्षा आहे.

कायमचा काढून घ्यावा का? नको. पहिली गोष्ट, जमणार नाही. शाळेचा गृहपाठ, ट्यूशनचा ग्रुप, सगळं त्यावरच येतं. आणि आठवून पाहा, हा मोबाइल त्याच्या हातात आपणच दिला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तो तेव्हा तिसरीतून चौथीत जात होता. वर्ग मोबाइलवर भरायला लागले तेव्हा ‘मोबाइल घे आणि बस’ हे आपलंच वाक्य होतं. दुसरी गोष्ट, नुसत्या बंदीचा आपल्याकडचा अनुभव बरा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली. २०२१ मध्ये त्याच घाटणीचा बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरमधून काढला, २०२३ मध्ये परत आला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली. केंद्र सरकारला जे जमलं नाही ते बाबांच्या एका फेकीनं जमेल का?

आपल्या राज्यातलीच दोन गावं सांगते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात दुसरी पद्धत सुरू झाली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचे आणि मोठ्यांचेही. बायकांच्या मालिका त्याच वेळच्या, त्याही बंद. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, घरोघरी जाऊन सांगावं लागलं. पण मला त्यातलं एक फार आवडतं. भोंगा कुणाचा बाप नाही. तो कुणावर चिडत नाही, कुणाला सूट देत नाही, तिसऱ्यांदा सांगत नाही. सात म्हणजे सात, आणि नियम आजीलाही लागू. तुमच्या घरातला भोंगा म्हणजे पावणेदहाचं घड्याळ.

भोंगा वाजण्याआधीची वीस-तीस मिनिटं मात्र नीट बांधून घ्यावी लागतात, भांडणं तिथेच होतात. मुलाला विचारा, तुझी मॅच किती वेळाची? तोच सांगेल. मग ठरवा: सव्वानऊनंतर नवीन मॅच सुरू करायची नाही. ‘पावणेदहाला बंद’पेक्षा हा नियम मोलाचा आहे. चालू असलेली मॅच तोडायला लावली की मुलगा लढतो, सुरू न झालेल्या मॅचसाठी फारसा लढत नाही. साडेनऊची जेवणं सव्वानऊवर आणता आली तर अर्धी लढाई तिथेच संपते, ताट वाढलेलं असताना नवीन मॅच सुरू करणं त्यालाही जमत नाही. लांबून ओरडू नका. सव्वानऊच्या आधी दोन मिनिटं त्याच्याजवळ जा, बसा, पडद्याकडे बघा, ‘किती उरलेत रे?’ विचारा. खेळात असं विचारायचं म्हणजे किती खेळाडू जिवंत आहेत. तो सांगेल, चौदा. मग तुम्ही म्हणा, ही झाली की जेवायला. एवढंच. मोबाइल त्याच्या हातून तुम्ही घ्यायचा नाही, तो स्वतः उठून प्लगला लावेल. एखाद्या दिवशी नाही लावला तर त्या रात्री वाद घालायचा नाही, दुसऱ्या दिवशी मोबाइल संध्याकाळी एक तास कमी. हेही आधी ठरलेलं, कागदावर लिहिलेलं, फ्रीजवर चिकटवलेलं. आणि बाबांनी नाही लावला तर बाबांनाही तेच.

पहिले आठ-दहा दिवस आधीपेक्षा वाईट जातात, हे आत्ताच सांगून ठेवते. मुलं ताणून बघतात, जास्त जोरात, जास्त रडून, कारण इतकी वर्षं ताणल्यावर तुटायचं. याच दिवसांत बहुतेक घरं हार मानतात आणि मग पोराला कळतं की दहा दिवस ताणावं लागतं.

बाबांबद्दल. त्यांनी मोबाइल आपटला ती चूक होती आणि त्यांनाही ते माहीत आहे, म्हणून तर ते आठवडाभर गप्प होते. आपल्याकडच्या बापांना ‘सॉरी’ म्हणता येत नाही, आणि मी त्यांच्याकडून ते म्हणवून घ्यायचा हट्ट आता धरत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी मुलाच्या पायाशी फुटका मोबाइल ठेवून ‘चल’ म्हटलं आणि त्याला गाडीवर बसवून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. काच बदलायला दोन तास लागले. ते स्टुलावर त्याच्या शेजारी बसून राहिले, दोघांनी दोन वेळा चहा घेतला, फार बोलले नाहीत. मुलानं नंतर मला सांगितलं, बाबांनी दुकान दोन तास बंद ठेवलं होतं. दुकान बंद ठेवलं होतं, हे त्यानं दोनदा सांगितलं. तुमच्या साहेबांना काय जमेल ते तुम्हाला जास्त कळेल. आपटलेल्या मोबाइलची काच अजून तशीच असेल तर सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

‘घर सोडून जाईन’ हे मात्र हलक्यानं घेऊ नका. बहुतेक वेळा ते रागाचं असतं. तरी त्याला शांतपणे, एकट्यात, सरळ विचारा: तू गेलास तर कुठे जाणार होतास? जगू नये असं कधी वाटतं का? असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे, उलट कुणी विचारलं म्हणून मुलं सुटतात. उत्तर ‘हो’च्या जवळपास असेल, किंवा तो खोलीतून बाहेरच येईनासा झाला, शाळा टाळू लागला, क्रिकेट सोडलं, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर हे सगळं पत्र बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तालुक्याला नसतील तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. आणि एकदा हळूच बघा, गेममध्ये पैसे गेलेत का. डायमंड, यूसी या गेममधल्या नाण्यांच्या टॉपअपसाठी मुलं आजीच्या यूपीआयला हात घालतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केलाय, तशा कशात तो अडकला असेल तर ओरडण्याआधी किती गेले ते सगळं बाहेर येऊ द्या.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं असं तुम्ही लिहिलंय. तेव्हाच बसा. पण त्याच्यासमोर बसण्याआधी शनिवारी रात्री तुम्ही दोघं बसा, नवरा-बायको, आणि दुपारच्या गुपचूप मोबाइलचं तुम्हीच सांगून टाका. त्यांना राग येईल, तो शनिवारीच येऊन जाऊ दे. दोघांचा आकडा एक झाल्याशिवाय रविवारी मुलाला हाक मारू नका, एक झाला नाही तर पुढच्या रविवारवर ढकला. आजींना बोलवायला विसरू नका. कागद-पेन त्याच्या हातात द्या, नियम त्याच्या अक्षरात लिहिलेले असू देत, आणि सव्वानऊचा साडेनऊ करून मागितला तर द्या.